देवीला पाच दिवस सुट्टी, आईला तीन

बसमध्ये असाल, लायब्ररीच्या पायऱ्यांवर असाल, नाहीतर भांडी घासता घासता ऐकत असाल, तर तसंच चालू द्या. आजचा एपिसोड चालण्यावर आहे. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे बोलणं इथं उतरवून ठेवलंय.

नवीन मंडळींसाठी सांगतो, मी लातूरचा. बी.टेक. नांदेडला केलं, आता पुण्यात कोड लिहितो. मध्ये आमच्या टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरत होती. इटलीच्या किनाऱ्यावर सात दिवस चालायची सहल, सोबत गाइड आणि रोज तिथलं गावाकडचं जेवण. विमान धरून माणशी अडीच लाखांच्या आसपास. निम्मी टीम लगेच 'मी येतो' म्हणाली. मीही ती पीडीएफ नीट वाचली, कारण जागा खरंच भारी आहे.

त्या भागाचं नाव चिंक्वे तेर्रे, म्हणजे पाच गावं. समुद्रात उतरणाऱ्या उभ्या डोंगराला चिकटून बसलेली. डोंगरावर दगडावर दगड रचून, चुना-सिमेंट न वापरता बांधलेले बांध, आणि त्या बांधांवर द्राक्षाचे मळे. १९९७ मध्ये युनेस्कोनं हा भाग जागतिक वारसा म्हणून जाहीर केला. पाचही गावं जोडणारी किनाऱ्याची पायवाट जेमतेम १२ किलोमीटर. त्यातला एक छोटा तुकडा 'प्रेमाची वाट' म्हणून प्रसिद्ध आहे. २०१२ मध्ये तिथं दरड कोसळली, ती वाट बंद झाली आणि दुरुस्त होऊन उघडली थेट २०२४ मध्ये. एक किलोमीटरही नसलेल्या वाटेसाठी बारा वर्षं! त्या वाटांवर चालायला तिकीट काढावं लागतं आणि त्या पैशातून वाटांची डागडुजी होते.

आता पॅकेजमध्ये काय काय मिळतं ते बघा. एक, गावातून गावात पायी. दोन, तुमची बॅग गाडीतून पुढं जाणार. तीन, वाट माहीत असलेला माणूस सोबत. चार, जिथं थांबाल तिथलं खाणं.

हे मी आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग हे तर आम्ही दरसाली करतोत की."

आणि ते खरं आहे. आई कोजागरीला लातूरहून तुळजापूरला चालत जाते. आमच्या गल्लीतल्या अकरा बायका, तीन दिवस, पंचाहत्तर किलोमीटरच्या आसपास. पहिला मुक्काम औसा, दुसरा उजनी, तिसऱ्या दिवशी काक्रंबा ओलांडून तुळजापूर. बॅगा, सतरंज्या आणि ज्यांचे पाय गेलेत त्या बायका छोट्या हत्तीत. गल्लीतून आमचा हा एक ग्रुप, पण रस्त्यावर असे कितीतरी असतात. सोलापूरकडून, कर्नाटकातून, तेलंगणातून माणसांच्या रांगा त्या दिवसांत तुळजापूरकडं सरकत असतात. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी रजा टाकून आईबरोबर गेलो. ओझं उचलायला घेतलं होतं मला, असं ती सगळ्यांना सांगत होती.

आधी खाण्याचं बोलू, कारण पीडीएफमध्ये त्याचे फोटो सगळ्यात जास्त होते.

चालणाऱ्या माणसाचं खाणं वेगळं असतं. ते दोन दिवस टिकलं पाहिजे, हातात धरून खाता आलं पाहिजे आणि पोटात दम धरला पाहिजे. म्हणून धपाटे. ज्वारीचं पीठ, थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण, हिरवी मिरची, तीळ, कोथिंबीर. सोबत शेंगदाण्याची चटणी, ती तर आठवडाभर खराब होत नाही. सकाळी औशाच्या अलीकडं एका मंडळानं सुशीला वाटला. पुण्यात माझ्या रूममेटला सुशीला म्हणजे कुणाची तरी काकू वाटली होती. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट, लिंबू पिळलं की झालं. उजनीला बासुंदी. लातूर-सोलापूर रस्त्यानं जाणारा माणूस उजनीला गाडी थांबवतोच, तिथं चालत पोहोचलेल्या माणसाला तर ती वाटी दुप्पट गोड लागते.

लिगुरियात, म्हणजे ती पाच गावं ज्या प्रांतात आहेत तिथं, पेस्तो करतात. त्यांच्याकडची तुळशीच्या जातीची पानं, लसूण, चिलगोज्यासारखा सुकामेवा, चीज, ऑलिव्हचं तेल, सगळं दगडी खलात कुटायचं. आपल्याकडं मिरची, लसूण, शेंगदाणे, मीठ खलबत्त्यात कुटलं की ठेचा. चव वेगळी, कारण एकच: हाताशी जे पिकतं ते कुटायचं. आणि आपल्याकडं पिकतंही नावाजलेलं. लातूर जिल्ह्यातली काष्टी कोथिंबीर, बोरसुरीची तूरडाळ आणि पानचिंचोलीची चिंच यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या घरच्या वरणातली डाळ आणि चिंच आहे ही, मंडळी. जरा ताठ मानेनं जेवा.

या रस्त्यावर खाण्याचे पैसे कुणी घेत नाही. कॉलेजात असताना महिनाअखेरीला खिसा रिकामा झाला की आम्ही पोरं नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या लंगरला जायचो. तिथं तुम्हाला कुणी नाव-गाव विचारत नाही, पंगतीत बसायचं आणि जेवायचं. या रस्त्यावर मला तेच आठवत राहिलं. चहा, केळी, खिचडी आणि पाणी. पाण्याचं तर मला विशेष वाटलं. हे तेच लातूर, जिथं १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे आली होती. मी तेव्हा घागरी मोजून अंघोळ केलेली आहे. त्याच जिल्ह्यातली माणसं रस्त्यावर उभी राहून 'माउली, पाणी घ्या' म्हणत होती.

आता गाइड. आमच्या गाइड म्हणजे गल्लीतल्या काकू, वय साठीच्या पुढं. यांच्याकडं साधा बटणाचा फोन. पण कुठल्या हापशाचं पाणी गोड, कुठल्या देवळात रात्री दिवा असतो, कुठल्या वळणावर ट्रक अंगावर येतात, सगळं तोंडपाठ. औशाला पोहोचलो तर भुईकोट किल्ल्याची माहिती मी मोबाईलवर काढली. काकूंनी मात्र तालुक्याचा नकाशा हातवारे करूनच मांडला. किल्लारी याच औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, चार वाजायला काही मिनिटं कमी. जवळपास दहा हजार माणसं गेली. काकू माणसांची वयंसुद्धा त्यावरून सांगतात, ही भूकंपाआधीची, ती भूकंपानंतरची. मी भूकंपानंतरचा. शाळेत हे दोन ओळींत शिकलो होतो. मुक्कामाला सतरंजीवर पाय चेपत बसलेल्या तीन बायकांकडून ऐकलं तेव्हा कळलं, त्यांच्यातल्या दोघी अजूनही पहाटे चारला आपोआप जाग्या होतात.

आणि आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हा एपिसोड करतोय.

दुसऱ्या दिवशी बेलकुंड ओलांडल्यावर आईला चक्कर आली. बसली ती रस्त्याच्या कडेला. पावलापावलावर पाणी वाटप चालू, बाटली माझ्या हातात, आणि ती सकाळपासून दोन घोटांवर. मी म्हणलं, "पाणी का पीत नाहीस?" ती काही बोलली नाही. काकू म्हणाल्या, "पिऊन जायचं कुठं, बाबा?"

अकराही बायका तेच करत होत्या. ऑक्टोबरच्या उन्हात, दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर, आणि पाणी टाळायचं. कारण रस्ता आता चौपदरी. पूर्वी कडेला झाडं होती, आडोसा होता. आता दोन्ही बाजूंना उघडं रान आणि मधून सुसाट गाड्या. वाटेत एक पेट्रोल पंप लागला. पंपावर स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी लोकांना मोफत देणं बंधनकारक आहे. तिथं स्वच्छतागृह होतं. दाराला कुलूप होतं. किल्ली ज्याच्याकडं तो जेवायला गेला होता.

शेवटी शेतातल्या एका घरातली बाई स्वतःहून रस्त्यावर आली. म्हणाली, "या बायांनो, आमच्यात या." अकरा जणी एकेक करून तिच्या न्हाणीघरात जाऊन आल्या. मग सगळ्यांनी तांब्या-तांब्या पाणी प्यालं. तिनं ना चहा दिला ना खिचडी, पण तीन दिवसांत सगळ्यात मोठा पाहुणचार तिचा.

त्या संध्याकाळी उजनीला मी आईला म्हणलं, "गुडघे दुखतेत, चक्कर येते, पुढच्या वर्षी गाडीनं जाऊ. मी नेतो." तर ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो.

"गाडीनं गेलं की संध्याकाळी घरी. मग डबे कोण करणार?"

हे समजायला थोडं लातूर माहीत पाहिजे. आमच्या गावात क्लासेससाठी राज्यभरातून पोरं येतात. आई त्यांचे डबे करते, बावीस डबे, दोन वेळा. रविवारची सुट्टी नाही, दिवाळीतही थोडीफार पोरं असतातच. 'फिरायला चालले' म्हणून तिनं डबे बंद ठेवले तर पोरांच्या घरून फोन येतील. 'देवीला चालत चालले' म्हणलं की तेच आईबाप म्हणतात, आमच्या पोराच्या नावानं पण ओटी भरा. सुट्टी मागायची तिची हिंमत झाली नाही, पण नवस बोलता आला. त्या रस्त्यावरच्या कितीतरी बायकांचं असंच असणार. कुणाची शिलाई, कुणाचं रोजगाराचं काम, कुणाच्या घरी अंथरुणावरचं माणूस.

म्हणजे तिची भक्ती खोटी, असं अजिबात नाही. तुळजाभवानी दसऱ्यानंतर पाच दिवस पलंगावर निद्रा घेते, महिषासुराशी लढून दमलेली असते म्हणून. तिला श्रमनिद्रा म्हणतात. पौर्णिमेला ती पुन्हा सिंहासनावर बसते, आणि या बायका बरोबर त्या दिवसाला पोहोचतात. आई म्हणाली, "देवीला पाच दिवस सुट्टी हाय. मला तीन नकोत का?"

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. गाडीचा विषय मी सोडला.

तिसऱ्या दिवशी ती पाणी पीत चालली, कारण आता मला एक काम सापडलं होतं. मी पुढं जायचो, पंप, ढाबा, शाळा, वस्तीवरचं घर, जिथं बायकांना जाता येईल अशी जागा विचारून यायचो आणि मोबाईलच्या नकाशावर खूण करायचो. फार मोठं तंत्रज्ञान नाही हे, कुणालाही जमेल. सात जागा मिळाल्या. परत आल्यावर त्याची लिंक गल्लीतल्या ग्रुपवर टाकली, आणि काकूंसाठी मोठ्या अक्षरात छापून प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून दिली. त्यांनी ती वाचली आणि दोन चुका काढल्या.

तर मंडळी, इटलीला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जा, मजा करा. पण तिथं एका छोट्या वाटेसाठी बारा वर्षं खर्ची घालतात, कारण त्यांना वाट म्हणजे काय ते कळलंय. आपल्या वाटेवर जेवण आहे, गाइड आहे, माणसं तर सोन्यासारखी आहेत. नाही ती एक कडी लागणारी खोली आणि पायी चालणाऱ्यासाठी तीन फूट जागा.

तुमच्या ओळखीतलं कुणी कोजागरीला मंडप टाकत असेल तर त्यांना एवढं सांगा: केळी थोडी कमी वाटा, बायकांसाठी एक फिरतं शौचालय भाड्यानं आणा. रात्री चालणाऱ्यांना चमकणाऱ्या पट्ट्या वाटा. रस्त्यालगत तुमचं घर असेल तर न्हाणीघर उघडं ठेवा आणि बाहेर पाटी लावा. आणि तुमची आई, मावशी, आत्या चालत जात असेल तर 'कशाला त्रास करून घेतेस' म्हणू नका. तीन दिवस घरचा स्वयंपाक कोण बघणार ते आधी सांगा. आमच्याकडं पप्पा आणि धाकटा भाऊ बघतात. पोरं तीन दिवस खिचडी खातात, पण जगतात.

नकाशाची लिंक हवी असेल तर मेसेज करा. लातूर-तुळजापूर सोडून दुसऱ्या रस्त्यानं तुमच्या घरचं कुणी जात असेल, नळदुर्गकडून, सोलापूरकडून, तर त्या रस्त्यावरच्या जागा मला पाठवा. कोजागरीच्या आत सगळं एकत्र करून टाकतो.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. पाणी पीत राहा. आई राजा उदो उदो!