एका सदऱ्याचे शिक्षण



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. त्याच सुमारास अकोल्याहून मॅट्रिक झालेला कऱ्हाडकडचा एक तरुण डेक्कन कॉलेजात शिकायला आला. त्याचे नाव गोपाळ गणेश आगरकर. अंगावर सदरा एकच. रात्री तो धुऊन वाळत घालायचा आणि सकाळी तोच चढवून वर्गात जायचे. ही गोष्ट आपण शाळेत असल्यापासून ऐकतो, हळहळतो आणि पुढे जातो. आज मला त्या सदऱ्यापाशी जरा थांबायचे आहे. त्या काळच्या उच्च शिक्षणाचा खर्च सोसत कोण होते, हा माझा प्रश्न आहे.

पहिला खर्च घरातल्या माणसांचा. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या थोरल्या भावाला, गोविंदरावांना, महिना १५ रुपये पगार होता. त्यातले ८ रुपये ते धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवीत. उरलेल्या ७ रुपयांत सगळा संसार! गोखले १८८४ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाले. पदवीच्या कागदावर नाव एकट्याचे असले, तरी तिच्यासाठी पोटाला चिमटा दोघा भावांनी घेतला होता.

दुसरा खर्च विद्यार्थ्याच्या स्वतःच्या जिवाचा. गणित इंग्रजीतून, इतिहास इंग्रजीतून, तर्कशास्त्रही इंग्रजीतून. विद्यापीठाच्या परीक्षांतून मराठीची हकालपट्टी १८६०च्या दशकातच झालेली. ती परत यावी म्हणून रानडे अखेरपर्यंत झगडले. आईशी ज्या भाषेत बोलायचे, तिला परीक्षेच्या मांडवात जागाच नव्हती.

तिसऱ्या खर्चाचा विचार मात्र आपण फारसा करीत नाही. डेक्कन कॉलेजचे मूळ आहे १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा. पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या पैशातून ती उभी राहिली. हा पैसा मुळात आला कुठून? शेतसाऱ्यातून. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. सरकारी तिजोरी भरते रयतेच्या घामाने आणि उच्च शिक्षणाचा लाभ मिळतो वरच्या वर्गांना. रयतेच्या पोरांना साधी प्राथमिक शाळाही धड मिळत नाही, असे त्यांनी लेखी निवेदनात सांगितले. आगरकरांचा सदरा एकच होता हे खरेच. पण ज्याच्या साऱ्यावर कॉलेज चालले होते, त्याच्या पोराला त्या कॉलेजची पायरीही दिसत नव्हती.

हे ऋण त्या पिढीतल्या काहींना उमगले होते, म्हणून ती पिढी मला मोठी वाटते. डेक्कन कॉलेजच्या येरवड्यातल्या दगडी इमारतीच्या परिसरात टिळक आणि आगरकर तासन्‌तास बोलत, वाद घालीत. शिकून करायचे काय, हा त्यांचा विषय. त्या काळी पदवी म्हणजे सरकारी नोकरीची हमखास वाट. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून कळवून टाकले : मुलाला आता मोठ्या पगाराची नोकरी लागेल, अशी आशा धरू नकोस, मी पोटापुरते मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांच्या हितासाठी घालवीन. हे पत्र उघडून वाचले गेले असेल, ती घटका क्षणभर डोळ्यांसमोर आणा. ज्या घराने आशेवर दिवस काढले, त्या घराला मुलगा सांगतो आहे की माझ्यावर आणखीही कोणाचा हक्क आहे.

तो शब्द त्यांनी पाळला. १८८० साली विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी न्यू इंग्लिश स्कूल काढले, एम.ए. होताच आगरकर तिथे दाखल झाले. १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभे राहिले. गोखलेही तिथे आले आणि महिना ७५ रुपयांवर २० वर्षे शिकवण्याच्या बोलीने राहिले.

तरीही ऋण पुरते फिटले नाही, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. १८८०च्या दशकात कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजात मुलग्यांच्या गर्दीत एकट्या शिकत होत्या. त्यांच्या तोंडावर वर्गाचे दार लावून घेणारे विद्यार्थी याच कॉलेजातले. परीक्षेत त्या अव्वल आल्या. पण त्या यशावर मिळणारी विलायतेची शिष्यवृत्ती, केवळ त्या स्त्री म्हणून, त्यांना नाकारली गेली. शेवटी लोकांनी वर्गणी जमवली, तेव्हा त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या.

श्रोतेहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरची मुले येत्या जूनमध्ये कॉलेजात पाऊल टाकतील. आपण त्यांची फी भराल, पुस्तके घ्याल, नवे कपडेही शिवाल. त्याबरोबर एवढे करा : एका संध्याकाळी त्यांना जवळ बसवा आणि आगरकरांचे ते पत्र वाचून दाखवा. मग फुल्यांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवा. आपल्या फीच्या पावतीवर न दिसणारा पैसा कोणाचा आहे, याचा शोध त्यांचा त्यांना घेऊ द्या.