घराचा बाहेरचा अंगरखा



सोलापूर शहराच्या दक्षिण अंगाला, विजापूर रस्त्याकडे, जुळे सोलापूर वाढत गेले. कुणी लेकरांच्या शिक्षणासाठी गाव सोडून तिथे घर बांधतो, कुणी निवृत्तीचा पैसा त्यात घालतो. विटांचे काम होते, स्लॅब पडतो आणि मग घरात एकच चर्चा सुरू होते : बाहेरून काय लावायचे? शेजाऱ्याने शहाबादी लावली, समोरच्याने चकचकीत टाइल लावली, मग आपण मागे का राहावे? आता हा प्रश्न खेड्यांतही पोचला आहे. म्हणून आज त्याविषयी चार गोष्टी बोलू.

पहिली गोष्ट उन्हाची. आपण पैसा ओततो तो दर्शनी भिंतीवर, रस्त्यावरून दिसते तिच्यावर. पण ऊन काही रस्ता बघून पडत नाही. सोलापुरात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर असतो. पुढे ऑगस्टच्या आरंभापर्यंत तो माध्यान्हीला थोडा उत्तरेकडेच झुकलेला असतो. म्हणजे पारा 40 अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला फारसे ऊन लागतच नाही. भाजून निघते ती पश्चिमेची भिंत. दुपारी तीनपासून दिवस मावळेपर्यंत ऊन तिच्यावर सरळ येते. अशा भिंतीला काळसर दगड किंवा गडद टाइल लावली, तर ती तापते आणि तो ताप रात्री निजायच्या खोलीत उतरतो. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती होत्या. ऊन आत पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसे माळवदावर झोपायला गेलेली असत. आजची भिंत नऊ इंची, कुठे सहा इंचीच. तिला जाडीचा आधार नाही, तेव्हा रंगाचा तरी द्यावा. चुन्याची पांढरी सफेदी स्वस्त आहे आणि ती बरेचसे ऊन परत फेकते.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. ती वजनाची. एक इंच जाडीची शहाबादी घेतली, तर एका चौरस फुटाला सुमारे सहा किलो भरते. दहा फूट लांब, दहा फूट उंच भिंतीला सहाशे किलो. ज्वारीची सहा पोती म्हणा ना! ही सहा पोती आपण भिंतीवर नुसत्या सिमेंटच्या लगद्याने चिकटवतो आणि खाली लेकरे खेळायला सोडतो.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. शेजारच्या लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे आपापल्या घरांखाली गाडली गेली. त्या घरांच्या भिंती दगडाच्या होत्या, चांगल्या रुंदही होत्या. पण बाहेर दगडाची एक पात, आत दुसरी पात आणि मध्ये माती नि गोटे, अशी त्यांची रचना. दोन्ही पातींना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. धरणी हलली तशा पाती सुटल्या, भिंतींची पोटे फुटली आणि वरचे मातीचे जड छप्पर खाली आले. दोष एकट्या दगडाचा नव्हता. दगडाला दगडाशी बांधलेले नव्हते. आपली शहाबादी हीसुद्धा एक सुटी पातच आहे, हे ध्यानात घ्या.

म्हणून दगड लावायचाच असेल तर जोत्यावर लावावा. तिथे पावसाचे शिंतोडे उडतात, चिखल लागतो, दगड तिथे खरा कामाचा. कमरेच्या वर न्यायचा असेल, तर प्रत्येक फरशीला न गंजणाऱ्या पोलादाचा हुक हवा आणि तो हुक भिंतीत पक्का बसवलेला हवा. साधी लोखंडी तार चालणार नाही. ती गंजते, फुगते आणि दगडच फोडते. गिलावा गुळगुळीत असेल तर आधी टोचून खडबडीत करून घ्यावा. चकचकीत टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे साध्या सिमेंटला तिची पाठ नीट धरता येत नाही. तिला खास चिकटवण मिळते, तेच वापरावे. दोन टाइलींमध्ये फट ठेवावी, कारण उन्हाने त्या फुगतात आणि जागा मिळाली नाही तर उचलतात.

दुकानांवर ॲल्युमिनियमचे पत्रे लावण्याची चाल आली आहे. त्यांतल्या कित्येकांच्या पोटात प्लॅस्टिक असते. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 14 जून 2017 रोजी आग लागली, ती अशाच पत्र्यांवरून माळ्यामागून माळे चढत गेली आणि 72 माणसे दगावली. विकणाऱ्याला सरळ विचारा : पोटात काय आहे? लेखी द्याल का?

मला विचाराल, तर मध्यम ऐपतीच्या माणसाने बाहेरून दोन हात चांगला गिलावा करावा, सात दिवस तरी त्याला भरपूर पाणी मारावे आणि खिडक्यांवर छज्जे काढावेत. छज्ज्याच्या खालच्या कडेला खाच ठेवली, की पागोळ्या तिथेच तुटतात, भिंतीवर ओघळत नाहीत. ही खाच फुकट होते. पण गवंड्याला सांगितल्याशिवाय तो ती काढत नाही!

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. शाळेच्या चारही भिंतींना प्रयोगशाळेतला थर्मामीटर (तापाचा नव्हे!) मातीच्या लहान गोळ्याने चिकटवून अकरा, दोन आणि पाच वाजता मुलांकडून आकडे टिपून घ्या. शहाबादीची थोडी भुकटी करून तिच्यावर लिंबू पिळा. बारीक फेस येईल, कारण तो चुनखडीचा दगड. अशा दगडावर डाग काढायला ॲसिड ओतले तर काय होईल, हे मुलेच घरी सांगतील.

आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता चुकवण्यापूर्वी लाकडी हातोडी घेऊन प्रत्येक फरशीवर हलकेच ठोकून पाहा. भरीव आवाज आला तर ठीक. पोकळ आला, तर तिच्यावर खडूने फुली मारा आणि ती काढून पुन्हा बसवून घ्या.