मिरची झोंबली, आता काय?
नांदेड जिल्ह्यातलं धर्माबाद लाल मिरचीच्या बाजारासाठी ओळखलं जातं. तिथली मिरची असो की लातूरकडच्या भाकरीवरचा हिरवा ठेचा, झोंबला की हात आधी पाण्याच्या तांब्याकडे जातो. तिथंच चुकतं. मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. उलट तोंडभर पसरतं. दूध-दह्यातलं केसीन हे प्रथिन मात्र त्याला धरून जिभेवरून सोडवतं. म्हणून घट्ट दही तोंडात घोळवा, मग गिळा. जीभ खरं तर भाजलेली नसतेच. ४३ अंशांपुढच्या उष्णतेला जागं होणारं ग्राही कॅप्सेसिननं फसतं! त्याचा छडा लावणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे एक मानकरी. ठेचा केल्यावर हाताला आधी तेल चोळा, मग साबण लावा. तोवर डोळे चोळायचे नाहीत.