खांद्याला विसावा



वसंतातल्या संध्याकाळी हाडांच्या दुखण्यावर बोलणे म्हणजे रसभंगच. परंतु गावोगाव व्यायामशाळा वाढत असताना हा विषय टाळणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

वजने उचलण्याचा नाद असलेला एक तरुण आमच्याकडे आला. बाकावर उताणे पडून वजन वर लोटताना खांद्याच्या माथ्यावर कळ येई; त्या कुशीवर झोपही लागत नसे. क्ष-किरणांच्या छायाचित्रात जत्रुकाचे, म्हणजे गळ्याखालच्या आडव्या हाडाचे, बाहेरचे टोक विरलेले दिसले. आईने घाबरून विचारले, "डॉक्टर, हाड कापावे लागेल का हो?" आम्ही म्हटले, "आधी थांबावे लागेल."

अमेरिकेतील डॉ. काहिल यांनी १९८२ साली अशा ४६ पुरुष खेळाडूंची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ४५ जण वजनांचा व्यायाम करणारे होते! हाड ही जिवंत वस्तू आहे. ते झिजते आणि भरतेही. एकाच जागी तोच ताण वारंवार पडला, की बारीक तडे जातात आणि जमेपेक्षा खर्च वाढतो.

मग उपाय काय? वजन लोटणे, जोर, समांतर दांड्यांवरचे व्यायाम बंद. बर्फाचा शेक, डॉक्टरांच्या सल्ल्याने सूज उतरवणारी औषधे, प्रसंगी सांध्यात स्टिरॉईडचे इंजेक्शन. खांदा मात्र जखडून ठेवू नये. पुढे वजन घेताना हात फार फाकवू नयेत आणि दांडी छातीपर्यंत उतरवू नये. याला महिने लागतात. पण हाडाची कड पुन्हा भरू शकते.

वजन न उचलताच हाड विरले, तर संधिवात, जंतुसंसर्ग, गाठ किंवा पॅराथायरॉईड ग्रंथीचा विकार तपासलाच पाहिजे. आणि कित्येक महिने पथ्य पाळूनही कळ राहिली, तर टोकाचा लहानसा भाग काढण्याची शस्त्रक्रिया आहेच.

आमचा तरुण तिसऱ्या आठवड्यात बरे वाटताच चोरून तालमीत गेला आणि पुन्हा पहिल्या पायरीवर आला. दुसऱ्या खेपेस मात्र पाच महिने थांबला. आज तो बेताने वजन उचलतो, आणि त्या कुशीवर सुखाने झोपतो. शंभर जोर मारणाऱ्यालाही स्वस्थ बसणे जड जाते. पण तेही बळाचेच काम आहे, एवढे सांगून आपली रजा घेतो.