जर्नलबाहेरचं पान



 अध्यक्ष म्हणून कॉलेज ते वेब-उद्योग या वाटेचा आढावा मी घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा आहे. त्याचं टिपण छापून आणलं आहे, प्रती दाराशी मिळतील. बोलायचं आहे ते एकाच गोष्टीवर, प्रॅक्टिकलच्या जर्नलवर.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली सर्नमध्ये वेबचा प्रस्ताव मांडला, तो संशोधकांना एकमेकांची माहिती सहज वाचता यावी म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ते तंत्र सगळ्यांना खुलं केलं. पान लिहायचं, लोकांपुढे ठेवायचं, दुसऱ्याच्या पानाचा सोर्स उघडून शिकायचं. आमची पिढी अशी तयार झाली. आणि आज आपण हा विषय कसा शिकवतो? रेघी कागदावर निळ्या पेनाने टॅग उतरवून घ्यायचे, शेजारी आउटपुटची प्रिंट चिकटवायची, सही घ्यायची. एचटीएमएल५ चं मानक २०१४ च्या ऑक्टोबरात आलं. फाँट, सेंटर, मार्की हे टॅग त्यात कालबाह्य ठरले. जर्नलांत ते अजून सुखाने नांदताहेत.

मी वीसेक वर्षं फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो आहे. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमचं एखादं पान दाखवा." दहांपैकी आठ जण म्हणतात, "सर, लॅपटॉपवर चालतं." म्हणजे ते पान परीक्षकाखेरीज कुणीच पाहिलेलं नाही.

१९९९ साली मी शेवटच्या वर्षाला होतो. व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्या तालुक्याच्या गावात सायबर कॅफे आला त्यानंतर तीन वर्षांनी. जिओसिटीजवर फुकट जागा मिळायची. तिथे मी आमच्या एसटी स्टँडचं वेळापत्रक टाकलं. तीन आठवड्यांनी पुण्याहून एका अनोळखी गृहस्थाचा ईमेल आला. तुळजापूरची गाडी आता सव्वासातला नव्हे, पावणेसातला सुटते; तुमच्या पानावरची वेळ मी आईला फोनवर सांगितली, आणि ती दोन तास स्टँडवर बसून राहिली, असं त्यांनी लिहिलं होतं. रागाचा एक शब्द नव्हता. मी त्याच संध्याकाळी सायकल काढली, स्टँडवर गेलो, फलकावरची प्रत्येक वेळ वाहतूक नियंत्रकाकडून पडताळून घेतली. पानाच्या तळाशी 'वेळा अमुक तारखेला तपासल्या' अशी ओळ टाकायची, हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, त्या बाईंनी शिकवलं.

ओरलला मी हे पान दाखवायला गेलो. एक्स्टर्नलनी विचारलं, "जर्नलमध्ये आहे?" मी म्हणालो, नाही. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. गेलेल्या मार्कांचं दुःख केव्हाच ओसरलं. त्या बाईंची गोष्ट मला सांगू दिली नाही, ते आजही बोचतं.

सकाळच्या परिसंवादात वाद झाला : रिअ‍ॅक्ट आधी की एचटीएमएल आधी, आणि आता एआय कोड लिहून देत असताना हे शिकवावंच का? माझ्यापुरता तो वाद दोन वर्षांपूर्वी मिटला. एकाच दिवशी दोन उमेदवार आले. एकाकडे रिअ‍ॅक्टमधलं चकचकीत ऑनलाइन दुकान होतं. तेच दुकान, त्याच चित्रांसकट, त्या आठवड्यात मी तिसऱ्यांदा पाहत होतो. दुसरी डिप्लोमाची मुलगी. तिने मामाच्या रोपवाटिकेचं साधं मराठी पान गिटहब पेजेसवर लाइव्ह केलं होतं. पानाच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा मराठी अशी नोंद होती. हे का केलंस, असं विचारलं. म्हणाली, "माझ्या आत्याला दिसत नाही. फोन तिला वाचून दाखवतो. हे नव्हतं तेव्हा तो मराठी हिंदीच्या वळणाने वाचायचा. आत्या म्हणाली, हा कुणाच्या घरचा बोलतोय?" मी तिथेच तिला घेतलं. वेबएम ही संस्था २०१९ पासून दरवर्षी दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठं तपासते. सर्रास सापडणाऱ्या सहा चुकांमध्ये भाषेची नोंद नसणं ही एक आहे. ती नोंद एआयलाही करता येते, मान्य. पण ती करायची कुणासाठी, हे त्या मुलीला आत्याकडून कळलं होतं.

प्राध्यापक मित्रहो, माझा राग तुमच्यावर नाही. वीस-वीसची बॅच, दोन तासांचं प्रॅक्टिकल, मध्येच जाणारं नेट आणि तपासायला येणारा माणूस वहीच मागणार, हे मी जाणतो. दोष आम्हा उद्योगवाल्यांचाही आहे. कॅम्पसला साठ टक्क्यांची चाळणी आम्हीच लावतो आणि मग मुलांना काही येत नाही म्हणून ओरडतो. त्या चाळणीत माझी रोपवाटिकेची मुलगी गळली असती. तिला सत्तावन्न टक्के होते.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचं एक पान लाइव्ह असावं, त्यावर एका खऱ्या वाचकाची तक्रार यावी, आणि विद्यार्थ्याने केलेल्या दुरुस्तीला टर्मवर्कचे मार्क मिळावेत. अभ्यासमंडळांना तसं निवेदन द्यावं. मसुदा कुणी करायचा ते जेवणानंतर बसून ठरवू.  

जिओसिटीज २००९ च्या ऑक्टोबरात बंद झालं आणि माझं एसटीचं पानही गेलं. त्या गृहस्थांच्या ईमेलची प्रिंट मात्र मी जपून ठेवली आहे. आज ती बरोबर आणली आहे. विद्यार्थ्यांपैकी कुणाला पाहायची असेल, तर चहाच्या वेळी माझ्याकडे या.