कायम परिचारिका आणि ठेक्याची परिचारिका

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्ञातीच्या संमेलनात विद्यार्थ्यांचा गौरव व्हावा, वडीलधाऱ्यांचा सत्कार व्हावा, हे रीतीला धरून आहे. तेथे रुग्णालयातील नोकरभरतीचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. परंतु या विषयाशी आपला दुहेरी संबंध आहे. सरकारी रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही असे घर आपल्यात विरळा. आणि आपल्या मुली आता परिचारिकेचा व्यवसाय आनंदाने पत्करू लागल्या आहेत. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १८९७ साली सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला. ज्या महाराष्ट्रात हे घडले, तेथेच रुग्णसेवेला हलके काम समजणारी घरे पुढेही कित्येक वर्षे होती. तो समज मावळत चालला आहे ही समाधानाची गोष्ट होय. म्हणूनच आपली मुलगी या व्यवसायात कोणत्या दाराने शिरते, याचा विचार आता केला पाहिजे.

प्रथम थोडे गणित मांडतो. कक्षात रात्रंदिवस एक परिचारिका हजर हवी असेल, तर दिवसाच्या तीन पाळ्यांप्रमाणे आठवड्याच्या एकवीस पाळ्या होतात. एक व्यक्ती आठवड्यात सहा पाळ्या करते. म्हणजे एका जागेसाठी साडेतीन माणसे लागली. त्यांना आजारपण आहे, बाळंतपण आहे, हक्काची रजा आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत यासाठी ३० टक्के रजा-राखीव धरले आहे. ते मिळवले की हिशेब साडेचाराच्या वर जातो. आता जेथे साडेचार हवीत तेथे चार पदे मंजूर झाली आणि त्यांपैकी तीनच भरली, तर पडणाऱ्या खिंडाराला दैवाचा फेरा म्हणता येणार नाही. ते कागदावर आधीच लिहिलेले असते.

ते खिंडार बुजवण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, आहे त्याच परिचारिकेला दुसऱ्या पाळीस थांबवणे. दुसरा, रुग्णालयाने स्वतःच्या ओळखीच्या, गरजेनुसार येणाऱ्या परिचारिकांची राखीव यादी बाळगणे. इंग्लंडमध्ये या यादीला ‘बँक’ म्हणतात. तिसरा, मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेकडून पाळीपुरती परिचारिका मागवणे. हा तिसरा मार्ग सर्वस्वी त्याज्य आहे, असे माझे म्हणणे नाही. साथ पसरली, अपघाताचे रुग्ण एकदम आले, एकाच कक्षातील दोघीतिघी आजारी पडल्या, तर त्या रात्री रुग्णाला जी येईल ती परिचारिका देवासारखी वाटते. प्रश्न उद्भवतो तो अडीअडचणीची सोय हीच रोजची रीत होऊन बसते तेव्हा.

या रीतीची किंमत किती होते, हे पाहण्यास इंग्लंडइतके बोलके उदाहरण नाही. तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. स्टॅफर्ड येथील रुग्णालयात रुग्णांची जी भयंकर हेळसांड झाली होती, तिच्या चौकशीचा रॉबर्ट फ्रान्सिस यांचा अहवाल फेब्रुवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकांची अपुरी संख्या हे त्या हेळसांडीच्या कारणांपैकी एक होते. जुलै २०१४ मध्ये कक्षांत पुरेशा परिचारिका कशा ठेवाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. साऱ्या रुग्णालयांना एकाच वेळी परिचारिका हव्या झाल्या. परंतु त्याआधीच्या वर्षांत शिक्षणाच्या जागा कमी केल्या गेल्या होत्या. परिचारिका तीन वर्षांच्या शिक्षणाने तयार होते, हुकमाने होत नाही. साहजिकच रुग्णालये पुरवठादार संस्थांच्या दारी गेली, आणि एका सरकारी रुग्णालयाची दुसऱ्या सरकारी रुग्णालयाशी चढाओढ लागली. पैसा एकाच खजिन्यातला, बोली लावणारे मात्र अनेक, असा हा लिलाव होता.

२०१४-१५ या वर्षात डॉक्टरांसह सर्व प्रकारच्या संस्थेमार्फत आलेल्या कर्मचाऱ्यांवर इंग्लंडच्या आरोग्यसेवेचा खर्च ३ अब्ज ३० कोटी पौंडांवर गेला. नोव्हेंबर २०१५ पासून सरकारने पाळीच्या दरावर कमाल मर्यादा घातली. ती टप्प्याटप्प्याने खाली आणून एप्रिल २०१६ पासून कायम कर्मचाऱ्याच्या वेतनदराहून ५५ टक्के अधिक, येथवर ठरवली. २०१७-१८ मध्ये खर्च २ अब्ज ४० कोटींपर्यंत उतरलाही. परंतु त्याच काळात, २०१७ पासून, नव्या विद्यार्थिनींची शिक्षणवृत्ती सरकारने बंद केली. २०२० मध्ये वेगळ्या रूपाने अनुदान पुन्हा द्यावे लागले. महासाथीनंतर, २०२२-२३ मध्ये, खर्च पुन्हा साडेतीन अब्जांच्या आसपास पोचला. पुढच्या दोन वर्षांत तो परत कमी करण्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर नोकरी सोडून पुरवठादार संस्थेमार्फत त्याच कामावर परतण्यास बंदी घालावी, असा विचार तेथील सरकारने मांडला. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दरावर झाकण ठेवल्याने उकळी काही वेळ दबते. पण चुलीतला जाळ म्हणजे रिकामी पदे, ती भरल्यावाचून निवत नाही.

पैशाखेरीज आणखी एक किंमत आहे, आणि ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. नव्या ठिकाणी आलेल्या परिचारिकेला औषधांचे कपाट कोठे आहे येथपासून विचारावे लागते. कालपासून कोणत्या खाटेवरील रुग्णाचा चेहरा उतरला आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नाही. ते सांगण्याचा भार कक्षातील कायम परिचारिकेवर पडतो. इंग्लंडच्या दक्षिण भागातील एका रुग्णालयातील २०१२ ते २०१५ या काळाच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. ज्या दिवशी प्रतिरुग्ण दीड तास वा अधिक शुश्रूषा हंगामी परिचारिकांकडून झाली, त्या दिवसांचा मृत्यूच्या १२ टक्के अधिक जोखमीशी संबंध आढळला. याचा अर्थ हंगामी परिचारिका अडाणी असते असा कोणी करू नये. ती तेवढीच शिकलेली असते. उणीव असते ती परिचयाची. शिवाय परिचारिका मुळीच नसणे याहून वाईट. एका परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे युरोपातील नऊ देशांच्या पाहणीतून २०१४ मध्ये पुढे आले होते.

आता आपल्याकडे वळू. इंग्लंडात संस्थेमार्फत येणारी परिचारिका पाळीमागे बहुधा कायम परिचारिकेहून अधिक मिळवते आणि घरच्या सोयीने पाळी निवडते. तोटा होतो तो रुग्णालयाचा. आपल्याकडे चित्र उलटे आहे. येथे कंत्राटी परिचारिका अधिपरिचारिकेचेच काम करते, तीच रात्रपाळी, तीच जबाबदारी. मात्र तिचे मानधन पुष्कळ कमी असते आणि नोकरी अकरा महिन्यांच्या टांगणीवर. म्हणजे तेथे खजिना लुबाडला जातो, येथे परिचारिका. मुळाशी दोष एकच, मंजूर पद वेळेवर न भरणे. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्य शासनाने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी मनुष्यबळ घेण्याचा निर्णय काढला, आणि लोकांच्या विरोधानंतर पुढच्याच महिन्यात तो रद्द केला. निर्णय रद्द झाला हे बरेच झाले. परंतु रद्द करण्याने रिकामी खुर्ची भरत नाही.

समान कामास समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पंजाब सरकार विरुद्ध जगजित सिंग या खटल्यात २०१६ साली सांगितले. पण ठेकेदारामार्फत आलेली मुलगी दाद मागू गेली, की रुग्णालय ठेकेदाराकडे बोट दाखवते आणि ठेकेदार रुग्णालयाकडे. प्रसूतिरजेचेही तसेच. पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. पण कराराची मुदतच त्या सुमारास संपली, तर तो हक्क कोणाकडे मागायचा?

म्हणून पालकांना माझी नम्र सूचना आहे. मुलीने ठेक्यावर मुळीच काम करू नये, असा हट्ट धरू नये. अनुभवासाठी वर्ष-दोन वर्षे तेही करावे लागते. परंतु नेमणूकपत्र हाती आले की चार गोष्टी वाचून पाहाव्यात. मालक म्हणून कोणाचे नाव आहे? भविष्य निर्वाह निधी कोणाच्या खात्यातून भरला जाणार? रजा आणि प्रसूतिरजा यांविषयी काय लिहिले आहे? अनुभवाचा दाखला कोण देणार? यांपैकी एकाचेही उत्तर कागदावर नसेल, तर ते लिहून मागण्यात संकोच नसावा.

मंडळालाही दोन शब्द सांगतो. परिचर्येचे शिक्षण घेणाऱ्या मुलींना शिष्यवृत्ती देताना वैद्यक आणि अभियांत्रिकी यांच्याहून तिला दुय्यम लेखू नये. आणि आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयात किती पदे मंजूर आहेत व किती भरली आहेत, ही माहिती माहितीच्या अधिकारात दरवर्षी मागवून याच स्मरणिकेत छापावी. निवडणुकीच्या वेळी दारी येणाऱ्या उमेदवारापुढे ते पान ठेवता येईल. नवी इमारत, नवे यंत्र यांची उद्‌घाटने होतात. परिचारिकेच्या भरलेल्या पदाची फीत कोणी कापत नाही. म्हणून ते मागणे आपणच केले पाहिजे.

शेवटी एक विनंती. रुग्णालयात हाक मारूनही सिस्टर लवकर आल्या नाहीत, तर आवाज चढवण्यापूर्वी त्या कक्षात आज किती जणी आहेत, एवढे विचारावे. पुष्कळदा राग ज्या दिशेने जायला हवा ती दिशा त्या उत्तरातून कळेल.