निअँडरथल मानवाचा वारसा

निअँडरथल मानव सुमारे 40 हजार वर्षांपूर्वी नामशेष झाला, पण पुरता नाही. क्रोएशियातील विंदिया गुहेत सापडलेल्या हाडांना बारीक छिद्रे पाडून काढलेल्या चिमूटभर भुकटीतून स्वांते पाबो यांच्या चमूने त्याचा जनुकसंच वाचला आणि 2010 मध्ये प्रसिद्ध केला. आफ्रिकेबाहेरच्या माणसांच्या डीएनएमध्ये त्याचा वाटा साधारण 1 ते 2 टक्के भरतो. आधुनिक मानवाशी झालेल्या संकराची ही खूण. हा वारसा नेहमीच लाभाचा ठरतो असे मात्र नाही. तिसऱ्या गुणसूत्रावरचा असाच एक तुकडा कोविड गंभीर होण्याचा धोका वाढवतो, असे 2020 मध्ये आढळले. युरोपात तो सुमारे 16 टक्के लोकांत आहे. दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत.